स्तूरेची डावी दाढ

गुनवोर आमच्या संस्थेत आली ती थडग्यांच्या दगडांच्या कारखान्यातून. गोथेनबर्गच्या उत्तरेला किनाऱ्याने ग्रॅनाइटच्या खाणी आहेत. तिचं बालपण तिथलं, आणि शाळा सुटल्यावर ती तिथेच पॉलिशच्या चाकावर उभी राहिली. त्या काळात आमच्याकडे पडलेल्या दातांच्या जागी जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवून त्यांवर नवे दात चढवायचं संशोधन जोरात होतं, आणि एक अडचण सगळ्यांना छळत होती. हाडाने धातूला धरलंय की नाही हे पाहायचं, तर हाड आणि धातू एकमेकांपासून न सुटता एकदम कापावे लागतात. मग तो काप उजेड आरपार जाईल इतका पातळ घासावा लागतो. सुरुवातीचे काप तुटत. शेवटी कोणीतरी सुचवलं की दगडकामाच्या लोकांना विचारून पाहा. जाहिरात दिली, आणि गुनवोर जाड बूट घालून मुलाखतीला आली.

"हाड कधी कापलंयस?" आमच्या विभागाचा प्रमुख, डॉक्टर हेनिंग, याने विचारलं.

"हाड नाही. पण हाडं ज्यांची, त्यांच्या नावाचे दगड चिकार घासलेत."

हेनिंग हसला, आणि गुनवोर दुसऱ्या सोमवारी कामावर आली.

मी संस्थेचा हिशेब आणि खरेदी पाहतो. हिरकणीच्या करवतीची पाती, घासायचे कागद, हाडाचा तुकडा ज्यात मुरवून घट्ट करतात ती पारदर्शक राळ, हे सगळं माझ्या सहीने येतं. त्यामुळे तिच्या खोलीत माझं रोजचं जाणंयेणं होतं. सकाळच्या कॉफीला ती मला सूक्ष्मदर्शकापाशी बसवायची आणि वेलदोड्याचा पाव हातात देऊन म्हणायची, "खाताना हलू नकोस, बघ."

तिच्याकडून मी जे शिकलो ते थोडक्यात सांगतो. जुने स्क्रू लेथवर कातलेले असत. हाताला गुळगुळीत, भिंगाखाली बारीक गोल रेघा. मग नवे आले. स्क्रू तोच, पण बारीक कणांचा मारा करून खरखरीत केलेला. गुळगुळीत धातूकडे हाड कापलेल्या कडेकडून हळूहळू सरकत येतं. खरखरीत धातूवर आधी रक्ताची जाळी धरून राहते, तिच्या आधाराने पेशी थेट धातूवर येतात आणि तिथूनच नवं हाड घालायला लागतात. सशांच्या पायांत दोन्ही प्रकार बसवून पाहिले होते. काप निळ्या रंगात बुडवला की जुनं हाड फिकट दिसतं आणि नवं गडद. खरखरीत स्क्रूच्या आट्यांमध्ये तो गडद निळा रंग अगदी धातूला टेकलेला असे.

"गुळगुळीतापाशी पाहुण्यासारखं येतं, दारातच घुटमळतं," गुनवोर म्हणायची. "खरखरीतावर घरच्यासारखं आत येऊन बसतं."

तिचा या नव्या पृष्ठभागावर विश्वास होता. कोणी सांगितलं म्हणून नव्हे. रोज डोळ्यांनी पाहत होती म्हणून.

तिचा नवरा स्तूरे नदीपलीकडच्या गोदीत होता. तरुणपणी त्याचं काम रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारे जाड खिळे, तपासायचं. जहाजाच्या पत्र्यावरून छोटी हातोडी घेऊन चालत जायचं आणि एकेका रिव्हेटच्या डोक्यावर टिचकी मारायची. खणखणीत वाजली तर पुढे, बद्द वाजली तर खडूने खूण. पुढे रिव्हेट जाऊन वेल्डिंग आलं, मग गोदीच बंद झाली, आणि स्तूरे घरी बसला. ती सवय मात्र गेली नाही. कोणाच्या घरी गेला की कपाटापासून कपबशीपर्यंत टिचक्या मारून पाहायचा. बायकोच्या डोक्यावर मारून म्हणायचा, "पक्कं आहे. बद्द बिलकूल नाही."

त्याच्या खालच्या दोन्ही बाजूंच्या दाढा गेल्या होत्या. माणसांच्या जबड्यात दोन्ही पृष्ठभागांची तुलना करायचं हेनिंगने ठरवलं, तेव्हा स्तूरेने नाव दिलं. एका बाजूला जुन्या पद्धतीचा स्क्रू, दुसऱ्या बाजूला नवा, दोन्ही एकाच दिवशी. कुठे कोणता हे त्याला सांगायचं नव्हतं. गुनवोरला ठाऊक होतं: डावीकडे खरखरीत. आणि एक अट होती. तो जेव्हा केव्हा मरेल तेव्हा दोन्ही स्क्रू भोवतालच्या हाडासकट काढून घ्यायचे.

"घ्या की," स्तूरे म्हणाला. "तिकडे पाव खायला कुठे लागतोय."

पहिली काही वर्षं उत्तम गेली. तो कडक कोरडा पाव कडाकडा फोडून खायचा आणि समोरच्याला तो आवाज ऐकवायचा. मग एका रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. लोणच्यातला हेरिंग, उकडलेले बटाटे आणि शेवटी कॉफी. स्तूरेने कॉफीचा चमचा उलटा धरला आणि म्हणाला, "ऐक." त्याने उजव्या दाढेवर टिचकी मारली, मग डावीवर.

"काय कळलं?"

"काही नाही बुवा," मी म्हणालो.

"उजवी खणखणीत. डावी बद्द. आणि दुखतं. इथे, जिभेच्या अंगाला, खाली. आत कोणीतरी बोट घालून उभं आहे असं वाटतं."

"कान गेलेत त्याचे," गुनवोर बटाटे वाढता वाढता म्हणाली. "सगळा जन्म हातोडे ऐकण्यात गेला."

"कान गेले असतील. हे कानाने नाही ऐकू येत म्हातारे, हाडाने येतं."

हेनिंगने त्याला तपासलं होतं. हलवून पाहिलं, घट्ट. एक्स-रे काढला, स्वच्छ. स्क्रूच्या पुढे आणि मागे हाड अगदी वरपर्यंत लागलेलं. काळजीचं काही नाही असं त्याने सांगितलं. स्तूरेचं समाधान होईना. तो जेवणानंतर चमचा घेऊन बसायचा, आणि एकदा माझ्यादेखतच गुनवोर भडकली.

"एक्स-रे खोटा, हेनिंग खोटा, मी रोज भिंगाखाली बघते ते खोटं, आणि तुझा चमचा तेवढा खरा!"

स्तूरेने चमचा बशीत ठेवला. त्यानंतर त्याने त्या दाढेचं नाव काढलं नाही. त्या वर्षी हिवाळ्यात मी पुन्हा गेलो, तेव्हा तो कडक पाव कॉफीत बुडवून, मऊ करून, उजवीकडून खात होता. मी पाहिलं, गुनवोरनेही पाहिलं. ती उठून खिडकीतली झाडं सारखी करायला लागली.

वसंतात तो नदी ओलांडणाऱ्या बोटीवर बाकावर बसल्या बसल्या गेला. हृदय थांबलं होतं. लोकांना वाटलं डुलकी लागली आहे.

त्याची इच्छा होती की नावाचा दगड नको. आमच्याकडे दफनभूमीत एक सामाईक हिरवळ असते. तिथे कर्मचारी राख पुरतात, आणि नेमकी कुठे ते घरच्यांनाही सांगत नाहीत. एका ठरावीक जागी फुलं ठेवायची, मेणबत्ती लावायची, बस. जिने इतक्या अनोळखी माणसांची नावं दगडावर झळकवली, तिच्या नवऱ्याचं नाव कुठेच नव्हतं.

आणि त्याच्या जबड्याचे दोन तुकडे आमच्याकडे आले. ठरल्याप्रमाणे ते राळेत मुरवले. दोन पारदर्शक ठोकळे तयार झाले, बर्फात गोठल्यासारख्या आत दोन दाढा. डाव्या दाढेचा एक टवका उडालेला होता. चेरीची बी फोडताना तो उडाला तेव्हा मी समोर होतो. ठोकळे गुनवोरच्या खोलीतल्या कपाटात राहिले. एकदा मी पात्यांचं खोकं घेऊन गेलो, तर ती कपाट उघडून नुसती उभी होती.

"अख्ख्या शहरात तो नक्की कुठे आहे," ती म्हणाली, "हे मला सांगता येईल अशी ही एकच जागा आहे."

त्याच सुमारास तिला आवाज यायला लागला. मला हे तिने कॉफी पिताना, हवापाण्याच्या गोष्टी कराव्यात तसं सांगितलं.

"स्वयंपाकघरात येतो. एकदाच. बद्द. मग गप्प."

"हीटरचा पाइप असेल. गार झाला की वाजतो."

"पाइप मीही म्हटलं. इमारतीच्या माणसाला बोलावलं, त्याने पाइप बदलला. तरी येतो. काल इथे आला, करवत बंद केल्यावर." तिने पाव कुस्करला, पण खाल्ला नाही. "माझेच कान गेलेत असंही म्हणून पाहिलं. ते म्हणवत नाही."

मला भुताखेतांचं काही कळत नाही. एवढंच सांगतो, की त्यानंतर तिच्या खोलीत करवत बंद झाली की मीही बोलायचा थांबायचो.

हेनिंगचं म्हणणं पडलं की हे काप गुनवोरने करू नयेत. ठोकळे दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवावेत. ते बरोबरच होतं. मी खोकं तयार केलं, आत भुसा भरला. ती माझ्या टेबलापाशी आली आणि तिने खोक्यावर हात ठेवला.

"परक्या हाताखाली नको. हेनिंगला सांग."

"तूच सांग ना."

"मी सांगितलं तर तो डॉक्टरसारखा वागेल. तू सांगितलंस तर विचार करेल."

हेनिंगने विचार केला आणि परवानगी दिली. तिला बोलावून एवढंच म्हणाला, "नेहमीच्या दिशेने, गुनवोर. जोडी जुळली पाहिजे."

"हो," ती म्हणाली.

या 'नेहमीच्या दिशे'बद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. स्क्रू इतका बारीक असतो की त्याच्या बरोबर मधून एकच काप निघतो. उरलेलं करवत खाते आणि पाण्याबरोबर मोरीत जातं. दुसरी संधी नसते. आमच्याकडे तो काप जबड्याच्या लांबीच्या दिशेने घ्यायची पद्धत होती, म्हणजे स्क्रूची पुढची आणि मागची बाजू दिसते. एक्स-रेही नेमक्या याच बाजू दाखवतो, आणि काप त्याच्याशी ताडून पाहता येतो. गालाची आणि जिभेची बाजू एक्स-रेत धातूच्या सावलीआड जाते. ती बघायची तर ठोकळा फिरवून आडवा काप घ्यायला हवा. पण मग तो एक्स-रेशी ताडता येत नाही, उजव्या दाढेशी नाही, आणि अभ्यासातल्या कोणाशीच नाही.

तिने मला त्या दिवशी खोलीत थांबायला सांगितलं. बाहेर पाऊस नव्हता, ऊनही नव्हतं, आमच्याकडे नोव्हेंबरात असतो तसा राखाडी उजेड होता. उजवा ठोकळा तिने नेहमीसारखा कापला. मग डावा घेतला, चिमट्यात धरला, पाण्याची तोटी सोडली. पुन्हा बंद केली. चिमटा सैल करून तिने ठोकळा पाव वळसा फिरवला.

"गुनवोर, हे तू..."

"दिसतंय मला."

"हेनिंगला काय सांगशील?"

"एक्स-रे बघतो त्या बाजूने कापलं तर एक्स-रेला दिसलं तेच दिसणार. स्तूरेने बोट दाखवलं होतं ती बाजू मला हवी."

"आणि तिथे काही नसलं तर?"

"मग मी बरोबर होते." तिने चिमटा आवळला. "खरं सांगू? तसंच निघावं असं वाटतंय. त्याला उगाच भास होत होता, म्हातारा हट्टी होता, असंच निघावं. देवाची शपथ."

मग तिने करवत सुरू केली. पांढरट पाणी खालच्या भांड्यातून मोरीत जात राहिलं. एकदा सुरू झाल्यावर तिने हात कुठेही थबकू दिला नाही.

काप घासून, रंगवून तयार व्हायला काही दिवस गेले. त्या दिवसांत ती माझ्याशी फारसं बोलली नाही. मग एका सकाळी तिने मला हाक मारली. हातात पाव दिला नाही.

"आधी गालाची बाजू बघ."

मी पाहिलं. काळ्या धातूच्या आट्या, आणि प्रत्येक आटीत गडद निळं हाड, तळापासून वरपर्यंत टेकलेलं. इतकी वर्षं ती मला जे दाखवत आली तेच, किंबहुना त्याहून सुंदर. "छान धरलंय की," मी म्हणालो. मला खरोखर हायसं वाटलं होतं.

"आता काचपट्टी सरकव."

जिभेच्या बाजूला तळाच्या आट्यांत हाड होतं. त्याच्या वर नव्हतं. धातू आणि हाड यांच्यामध्ये एक फिकी पट्टी खालून वर चढत गेली होती, आत केसांसारखे तंतू, धातूला समांतर निजलेले. पलीकडे हाडाची कड कुरतडल्यासारखी. पट्टी अरुंद होती. पण ती होती, आणि स्तूरेने बोट दाखवलं होतं बरोबर तिथेच होती.

गुनवोर बेसिनपाशी गेली. ती खूप वेळ हात धूत राहिली.

"वर्षभर तो माझ्यासमोर बसून जेवला," ती नळाकडे बघत म्हणाली. "मी त्याला पाव वाढत होते."

हेनिंगला तिने स्वतः बोलावलं. त्याने काप पाहिला, फिरवलेली दिशा त्याच्या लगेच लक्षात आली, आणि तो आधी चिडलाच.

"जोडी घालवलीस तू! उजवी एका दिशेने, डावी दुसऱ्या. हे मी कशाशी मोजू?"

"मोजू नकोस. बघ."

त्याने पुन्हा डोळा लावला. या वेळी तो बराच वेळ उठला नाही.

"हाडाची आतली भिंत तिथे पातळ असणार," तो शेवटी म्हणाला. "छिद्र पाडतानाच कमी उरली असेल. पृष्ठभागाचा दोष म्हणता येणार नाही. बाकी सगळीकडे हाड उत्तम आहे."

"मी पृष्ठभागाला कुठे बोल लावतेय?"

"नेहमीच्या दिशेने कापलं असतंस, तर मी याला 'उत्तम' लिहिलं असतं."

"आणि आता?"

"आता तो अभ्यासातून बाहेर. नाइलाज आहे."

"म्हणजे दुखत नव्हतं म्हटलं तर स्तूरे आत, दुखत होतं म्हटलं तर बाहेर," गुनवोर म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "हे बरंय तुमचं."

"त्याला त्रास होता अशी कुठे नोंदच नाही, गुनवोर."

"त्याने तुला सांगितलं होतं."

"मी तपासलं. घट्ट होतं."

"मलाही सांगितलं होतं. मी म्हटलं, कान गेलेत तुझे. चल, तू तपासलंस तरी."

 हेनिंग वाईट माणूस नाही. त्याने चष्मा काढून कोटाला पुसला, आणि मग मला वाटतं आम्हा तिघांची नजर एकदमच त्या कपाटाकडे गेली. स्तूरेच्या आधी चौघांनी अशीच परवानगी देऊन ठेवली होती आणि चौघेही गेले होते. त्यांच्या काचपट्ट्या तिथे खणात होत्या. चौघांपुढे 'उत्तम' लिहिलेलं होतं.

"हे मीच कापलेत," गुनवोर म्हणाली. "सगळे नेहमीच्या दिशेने."

"त्यांचे काप निर्दोष आहेत."

"काप निर्दोष आहेत, हेनिंग. जिभेची बाजू कुठाय?"

जिभेची बाजू मोरीतून गेली होती. आता कितीही हिरकणीची पाती मागवली असती तरी ती परत मिळणार नव्हती.

"मग आता विचारायचं कोणाला?" हेनिंगने विचारलं. प्रश्न त्याने बहुधा स्वतःलाच केला होता.

"घरच्यांना."

नातेवाइकांचे दूरध्वनी क्रमांक माझ्याकडे असतात. त्या चौघांपैकी पहिला वाल्देमारचा होता, ओरुस्त बेटावरचा मासेमार. बायको मायलिस अजून तिथेच राहत होती. फोन हेनिंगनेच लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून बटण दाबलं. त्याने स्वतःची ओळख सांगितली, तब्येत विचारली, हवा विचारली. मग त्याची गाडी अडली. त्याने फोन गुनवोरपुढे सरकवला.

"मायलिस, मी गुनवोर. वाल्देमारचं हाड इथे माझ्या हाताखालून गेलं. एक विचारायचंय. त्या बसवलेल्या दाढेचा त्याला कधी त्रास व्हायचा का? तुला काही म्हणाला होता?"

पलीकडे रेडिओ चालू होता. तो कोणीतरी बंद केल्याचं ऐकू आलं.

"म्हणायचा की," मायलिस म्हणाली. "शेवटी शेवटी फार म्हणायचा. मीच त्याला गप्प करायची. म्हणायची, एवढ्या शिकलेल्या माणसांनी बघितलंय, तू काय सांगतोस."  मग तिचा आवाज एकदम जवळ आला, जणू फोन दोन्ही हातांनी धरला होता. "का गं? तुम्हाला काही सापडलं का?"

हेनिंग जमिनीकडे बघत होता. गुनवोरने टेबलाची कड धरली होती.

"नाही," ती म्हणाली. "काही सापडलं नाही. आता सापडणारही नाही, मायलिस. म्हणून तर विचारतेय. तो नेमकं काय म्हणायचा ते सांग. सगळं सांग. मी ऐकतेय."